चंपाचा जबाब

अर्जाची मुदत संपायला नऊ मिनिटं उरली होती आणि चंपा अजून गप्पच होती. ‘लाभार्थीची गरज, त्याच्याच शब्दांत’ हा रकाना रिकामा राहिला, तर अनुदान देणारं प्रतिष्ठान अर्ज उघडणारच नव्हतं.

“बोल की गं माझे आई!” बापूकाकांनी गाढविणीच्या गळ्यातला, तिच्या मनातलं संगणकावर उमटवणारा भाषापट्टा सरळ केला. “छप्पर पाहिजे म्हण!”

“काका, पढवू नका, अर्ज बाद होईल!” रेवती ओरडली. वीटभट्ट्यांवरून सोडवलेल्या साठ गाढवांच्या छपरासाठी तिने दोन महिने खपून प्रस्ताव लिहिला होता. अनुदान हुकलं, तर संस्थेला कुलूप.

चंपाने कान हलवले. पडद्यावर अक्षरं उमटली.

छप्पर नंतर. माझी बहीण अजून भट्टीवर आहे.

दोघंही थक्क झाली.

“आठ वर्षांत आपण हिला एकदाही विचारलं नाही, काका!”

रेवतीने छपराची बावीस पानं एका झटक्यात पुसली आणि चंपाची ती एक ओळ, होती तशी, पाठवून दिली. मग ती नखं खात निकालाची वाट बघत बसली.

बाहेर टेम्पो सुरू झाला.

“बसलीस काय?” स्टिअरिंगमागून बापूकाका ओरडले. “मंजुरीसाठी थांबतंय कोण? भट्टी कुठली ते विचार तिला!”