घरचा अंतरपाट

नातवाचं, सार्थकचं लग्न बार्बाडोसला, समुद्रकाठी, तिकडच्याच पोरीशी. आपला गोरज मुहूर्त, त्यांची सकाळ. लोणी गावात माझ्या ओसरीवर भटजी फोनसमोर बसले होते. मंगलाष्टकं ते इथूनच म्हणणार होते.

"आजी, बॅगेत अंतरपाट नाही," सार्थक म्हणाला.

नसणारच. सार्थक इथून निघताना मीच काढून घेतला होता, आता माझ्या पदराखाली होता.

"मग लगीन न्हाई. हिकडं या, दारात मांडव घालते."

"चार मिनिटं राहिलीत गं. शाल धरली तर?"

"बाजारातली शाल चालायची न्हाई. मधी आपल्या घरचंच लागतं."

लग्नाची सगळी व्यवस्था बघणारी तिथली बाई टॅब घेऊन उभी होती, त्यात मी दिसत होते. सार्थकनं तिला माझं बोलणं सांगितलं. तिनं मान हलवली, पुढं आली आणि दोघांच्या मध्ये तो टॅबच उभा धरला. माझं तोंड नवरीकडं.

भटजींनी सुरुवात केली.

पोरीला एवढ्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. पांढरा झगा, मुठीत अक्षता. तिनं नजर खाली वळवली नाही. मीही नाही.

शेवटचं सावधान झालं. बाईनं टॅब तसाच धरून ठेवला. पलीकडून सार्थकचा आवाज आला, "आजी, बाई विचारतेय, काढू का?"

पोरीच्या डोक्यावरची जाळी वाऱ्यानं उडत होती.

"जाळी सावर म्हणावं तिला," मी म्हणाले, "आन् मला काढा मधनं."