साधा शेक

“किरणोपचार वगैरे झालेत कधी?” दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“छे हो! मागे घशाचं दुखणं झालं, तेव्हा शेक घेतला तेवढाच,” खुर्चीतले काका म्हणाले.

दात ओढायला बाईंनी चिमटा उचलला. पण बाई पडल्या चौकस. नजर गालांवर अडकली. उजवीकडे खुंट वाढलेले, डावा गाल तुळतुळीत.

“काका, अर्धीच दाढी करता?”

“इकडे उगवतच नाही. शेकानं गेली.”

“गरम पाण्याच्या पिशवीनं?”

“पिशवी कसली! मशीनखाली झोपवून देतात, तो शेक. घशातली गाठ त्यानंच जळाली ना!”

बाईंनी चिमटा खाली ठेवला. “अहो, तेच किरणोपचार! त्यानंतर दात ओढला, तर कधीकधी जखम भरतच नाही, जबड्याचं हाड मरतं.”

काका गाल चाचपत राहिले. “म्हणजे नुसतं ‘शेक’ म्हणालो, तेच अंगावर शेकलं असतं की!”