सुगतचं कुलूप

वागळे इस्टेटमधल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत एक शिस्त होती. प्रोग्रामची फाइल जो दुरुस्तीला घेई, त्याच्या नावाचं कुलूप कॉम्प्युटर तिला लावी. तो ती परत करेपर्यंत दुसऱ्या कुणाला तिच्यातलं अक्षरही बदलता येत नसे. अडकून पडलेली जुनी कुलपं काढायचं काम शालनकडे आलं, तशी तिनं सगळ्यांची कुलपं भराभर तोडून टाकली. राहिलं ते सुगतचं. "सोमवारी येऊन फाइल पुरी करतो, कुणी हात लावू नका," असं बजावून तो शालनबरोबरच घरी गेलेला, आणि रविवारीच हार्ट अटॅकनं गेला.

"दुसऱ्या कुणाला सांगू का?" साहेबांनी हळूच विचारलं.

"नको सर. मीच तोडते."

दुसऱ्याचं कुलूप तोडलं की कॉम्प्युटर कारण विचारायचा आणि ते कुलूपवाल्याला कळवायचा. माणूस आहे की गेला, हे त्या यंत्राला काय ठाऊक! त्यानं नेमानं कारण विचारलं. दिवसभर इंग्रजी बडवणाऱ्या शालननं त्याच इंग्रजी अक्षरांत पहिल्यांदा मराठी लिहिलं:



"अहो, ऑफिसचं काम अडलंय म्हणून तोडलं. मी थांबले असते."