हट्टी कडी

दवाखान्यात पाऊल ठेवल्यापासून नवरा तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत होता. पंख्याखालची जागा तिला दिली, पर्स स्वतःच्या मांडीवर घेतली. पहिलंच बाळ, पहिलीच तपासणी. अजून दोघांच्याही आईंच्या कानावर घातलं नव्हतं. हा दवाखानाही त्यानेच शोधला होता, ऑफिसातल्या कुणाला तरी विचारून.

"अजून जन्मलंही नाही, आणि पोराला आपण रांगेत बसवलं," तो म्हणाला, तशी ती खुदकन हसली.

बराच वेळ नंबर लागेना, म्हणून ती बाथरूमला जायला उठली. फरशी पुसणाऱ्या मावशींनी बादली सरकवून तिला वाट दिली. मागून नवऱ्याने सांगितलं, "कडी आधी वर उचल, मग सरकव. नाहीतर आत अडकशील."

केवढी ती काळजी! गालातल्या गालात हसत तिने दार लोटलं. कडी खरंच हट्टी निघाली. वर उचलली तेव्हा कुठे सरकली.

आणि तिचा हात कडीवरच राहिला. हा तर इथे पहिल्यांदाच आला होता ना? आणि ठाऊक काय, तर बायकांच्या बाथरूमची कडी?

बाहेरून मावशींचा आवाज आला. "बरं केलंत साहेब, आधीच सांगितलंत. मागच्या खेपेला मिसेस आत अडकल्या, तेव्हा दार उघडेपर्यंत तुमचाच जीव अर्धा झाला होता! पोरगी आता चालायला लागली असेल, नाही?"

"मावशी, जरा हळू बोला," नवरा म्हणाला.