पुसलेली नावं

तपासायच्या नमुन्याची काच रंगवायच्या आधी तिच्यावर नाव पेन्सिलीनेच लिहायचं, पेनाची शाई स्पिरिटात धुऊन जाते, असं लॅबमधल्या बाई सगळ्यांना बजावत. आज काळजीने त्यांचाच हात पेनाकडे गेला. नावं पुसलेल्या दोन काचा हाती आल्या. एक सख्ख्या बहिणीच्या गाठीची, एक कुणा परकीची. त्यातल्या एकीत कॅन्सर दिसत होता.

दोघींचे नमुने पुन्हा घेतले. रंग चढेपर्यंत बाई हात जोडून पुटपुटत होत्या, "देवा, ताईची नको रे. त्या दुसरीची असू दे."

देवाने ऐकलं. बाई धावतच बाहेर आल्या. "ताई, साधीच गाठ आहे गं तुझी!"



बाकावर ताईचा हात धरून बसलेली ती दुसरी हसून म्हणाली, "बघा, म्हटलं नव्हतं? सकाळपासून देवाला तुमचंच तर सांगतेय."