घरचा इंजिनिअर

कॉम्प्युटर कधी बिघडत नाही, माणूस तो बिघडवतो, हे त्रिकालाबाधित सत्य इंजिनिअरने बहिणीच्या घरी चपला काढता काढताच सांगून टाकलं. तो इंजिनिअर होताच; पण सांडपाण्याच्या नळांचा. हा बारीक फरक नातेवाइकांच्या कधी लक्षात आला नाही, आणि त्यानेही तो कधी कोणाच्या लक्षात आणून दिला नाही.

बिघडवणारा माणूस ठरलेलाच होता. बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, आरोपीसारखे दाराशी उभे होते.

"परवा लाइट गेले, तेव्हा बंद पडला," ते म्हणाले. "तेव्हापासून नुसता काळा पडदा."

"तुम्ही काहीतरी दाबलं असणार."

"दाबलं असेल बाबा."

"शंभरदा सांगते यांना, हात लावू नका म्हणून," ताई आतून म्हणाली. "पण माझं कशाला ऐकतील? मी काय पक्षी आहे?"

निवृत्त झाल्यापासून दाजी रोज पहाटे रेकॉर्डर घेऊन गच्चीवर बसत आणि पाखरांचे आवाज टिपत. आधी ते आवाज कॉम्प्युटरमध्येच असत. 'त्याच्यावर भार नको' असं इंजिनिअरने मागच्या खेपेला बजावलं, तेव्हा दाजींनी सगळे एका बाहेरच्या डिस्कवर हलवले आणि आतले पुसून टाकले. आजही मेहुणा टेकतो न टेकतो तोच त्यांनी ती डिस्क त्याच्या लॅपटॉपला जोडून एक आवाज ऐकवला.

"हा खंड्या. आणि त्याच्या मागे बारीक कोणीतरी बोलतंय ना, तो कोण ते मला अजून कळलेलं नाही."

"वा," इंजिनिअर म्हणाला आणि कामाला लागला.

काम साधं होतं. लॅपटॉपवरून पेन ड्राइव्हवर नवी सिस्टिम चढवायची, मग तो पेन ड्राइव्ह बंद पडलेल्या कॉम्प्युटरला लावून त्याला जागं करायचं. प्रोग्रॅमने विचारलं, कोणत्या ड्राइव्हवर चढवू? खाली दोन नावं होती. वाचायचा चष्मा इंजिनिअरला लागत नसे. निदान चारचौघांत लागत नसे. त्याने वरचं नाव निवडलं. यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं प्रोग्रॅमने पुन्हा विचारलं. त्या क्षणी इंजिनिअर दाजींना समजावत होता की लोक पडद्यावरचं न वाचता 'होय' दाबतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. समजावता समजावता त्याने 'होय' दाबलं.

पेन ड्राइव्ह लावला. कॉम्प्युटर ढिम्म. सुरू होण्याजोगं काही सापडलं नाही, एवढंच म्हणाला.

इंजिनिअरने तो मागच्या खाचेत लावून पाहिला, पुढच्या खाचेत लावून पाहिला, खाचेत फुंकर मारली. सेटिंगमध्ये शिरून, आधी कुठे शोधायचं, मग कुठे शोधायचं, हा क्रम बदलला. काळा पडदा काळाच.

"खाचा खराब आहेत तुमच्या. साफबिफ केल्या होत्या का?"

"मऊ फडक्याने जरा..." दाजी चाचरले.

"झालं! फडकं!"

दाजींनी मान खाली घातली. इंजिनिअरने पेन ड्राइव्ह उपटून हातात घेतला आणि, डॉक्टर एक्स-रे धरतो तसा, उजेडात धरून पाहू लागला. आपला काही उपयोग व्हावा म्हणून दाजींनी लॅपटॉपला लावलेली आपली आवाजांची डिस्क काढून हळूच कॉम्प्युटरला जोडली. "सुरू झाल्यावर तो दुसरा आवाज ऐकवतो तुला," असं म्हणत त्यांनी बटण दाबलं.

पडदा उजळला. निळं, नवं कोरं चित्र आलं. खाली लिहिलं होतं, सुस्वागतम.

"झाला!" दाजी लहान मुलासारखे ओरडले. "अगं, झाला! केला बघ तुझ्या भावाने!"

"करणारच! भाऊ कोणाचा आहे!" आतून उत्तर आलं.

इंजिनिअर मात्र आपल्या हाताकडे बघत होता. पेन ड्राइव्ह हातातच होता. मग सिस्टिम चढली होती कुठे, हे कळायला त्याला इंजिनिअर असण्याची गरज नव्हती. कान आधी तापले, मग मान. क्षणभर त्याच्या मनात आलं, आत्ता उठावं, साइटवरून बोलावणं आलंय म्हणावं, आणि चालू पडावं. डिस्क काय, तो गेल्यावर उघडली असती. आणि दाजींनी बिचाऱ्यांनी स्वतःलाच दोष दिला असता. सवयीने.

"दाजी," तो म्हणाला. आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "मी चुकून डिस्कवर चढवलं. पेन ड्राइव्हवर नाही."

दाजी हसतच होते. हसू जायला जरा वेळ लागला.

"म्हणजे आवाज?"

"पुसले गेले."

"सगळे?"

"सगळे."

"काढता येतील परत?"

"मला माहीत नाही," इंजिनिअर म्हणाला. या घरात हे वाक्य तो पहिल्यांदाच बोलत होता.

दाजी खुर्चीत बसले. डिस्कवर त्यांनी तळहात ठेवला, ताप बघावा तसा. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली आणि भावाकडे बघून थबकली.

"काय रे, तोंड का असं उतरलंय? काय म्हणाले हे तुला?"

इंजिनिअरने तोंड उघडलं. पण त्याच्याआधी दाजी बोलले.

"काही नाही गं. दमलाय तो. आल्यापासून राबतोय बिचारा." त्यांनी घसा साफ केला. "तू हे बघ. किती लवकर सुरू होतो आता."

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि पुन्हा सुरू केला. तिघेही पडद्याकडे बघत राहिले.

लवकर सुरू झाला.