आत अडकलेला ठेका

"आता काय दिसतंय, आई?" मंजिरीने कॅनडातून फोनवर विचारलं.

"फोल्डर दिसतंय गं, पण उघडायला गेलं की परवानगी नाही म्हणतंय."

वामनरावांनी बायकोच्या, यशोधराबाईंच्या, रियाजासाठी तबला रेकॉर्ड केला होता, तो एका जुन्या प्रोग्रॅमवर. तो प्रोग्रॅम त्यांच्या कॉम्प्युटरच्या आत बसवलेल्या दुसऱ्या, आभासी कॉम्प्युटरवरच चालायचा. वामनराव गेले आणि त्यांचे ठेके आतच अडकले. बाहेर आणायला दोन्हींमधलं हे सामायिक फोल्डर तेवढं होतं.

मंजिरी सांगत गेली तसं यशोधराबाईंनी एकेक अक्षर टाइप करून आपल्या खात्याला परवानगी दिली, आतलं मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. फोल्डर उघडलं. विलंबित एकताल बाहेर आला.

"लाव ना. आणि गा."

नवरा गेल्यापासून त्या गायल्या नव्हत्या. तबला सुरू झाला तशी त्यांनी बंदिश उचलली, पण अंतऱ्याला सूर तुटला आणि त्या थांबल्या.

ठेका तसाच पुढे चालत राहिला. वामनराव असते तर त्यांचा हात थांबला असता.

यशोधराबाईंनी डोळे पुसले आणि त्या समेची वाट पाहू लागल्या.